दोन पेडलांची फळी

पुणे,
९ जानेवारी १९७२

प्रिय चांद,

लढाई संपली, ब्लॅकआउट संपला आणि आमच्या ऑर्केस्ट्राला पुन्हा सुपाऱ्या यायला लागल्या. महिनाभर काळे कागद चिकटवलेल्या खोलीत बसून बास गिटारच्या चार तारा पुसत होतो. आता वीस तारखेला संगमनेरला कॉलेजचं गॅदरिंग आहे, मग पुढं जत्रांचे दिवस.

तुझ्याकडे एक काम आहे. बासचा आवाज पायानं दाबून बदलायला दोन वर्षांपूर्वी तू करून दिलेली पाच पेडलांची फळी उत्तम चालते, तक्रार नाही. बास गुरगुरतो, घुमतो, तू म्हणाला होतास तसा विहिरीतून बोलल्यासारखाही बोलतो. पण ती आहे खाटेच्या पायथ्याएवढी, आणि एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मला दुसरी, लहान फळी हवी. दोनच पेडलं. एक आवाज कमी-जास्त करायचं, एक गुरगुरवायचं. मोठी फळी ऑर्केस्ट्राच्या मालकांनी करवून घेतली होती, ही माझी स्वतःची.

दोन गोष्टी लक्षात ठेव. पेडलं डाव्या पायाला येतील अशी बसव. आणि खटका असा लाव की दाबला की कानाला स्पष्ट ऐकू यावा.

घाई नाही, पण गणपतीच्या आत हवी. मुबारकभाभींना नमस्कार.

तुझा,
गहिनीनाथ


अहमदनगर,
१६ जानेवारी १९७२

दोस्त गहिनी,

सलाम. पत्र वाचलं आणि दुकानात एकटाच हसत बसलो. समोरच्या चहावाल्याला वाटलं, चांदभाईला दुरुस्तीला आलेल्या रेडिओचा शॉक बसला.

दोन वर्षं हा माणूस उजव्या पायानं पेडलं दाबतो आणि आता म्हणतो डाव्या पायाला लाव. का रे, उजव्या पायाला मेंदी लावलीय का? का पुण्याला जाऊन डावखुरेपणाची फॅशन आली? आणि खटका कानाला ऐकू यावा म्हणतोस. मी ट्रकच्या डिपरचे खटके शोधून शोधून आणले, ड्रायव्हर पायानं दाबून दिवे खालीवर करतात ते. त्यातले सगळ्यात कमी आवाजाचे निवडले, की गाण्यात खट्ट वाजू नये. मालकांनी तेव्हा कौतुक केलं होतं. आता तुला खट्टच हवं! गिऱ्हाइकाच्या मर्जीपुढं कारागिराचं काय चालतं.

करतो बाबा. पण दोन अडचणी. एक म्हणजे बास गुरगुरवणारे ट्रान्झिस्टर मला आता मिळत नाहीत. लढाईपासून मुंबईचा माल येतच नाही. मोठ्या फळीत दोन आहेत, पैकी एक जादाचा. तो काढून लहान फळीत घालावा लागेल. तेव्हा मोठी फळी पाठव, महिनाभरात परत देतो. दुसरी म्हणजे, तू अनवाणी वाजवतोस. मुंबईचे वादक बूट घालून पेडल दाबतात. बूट घालणार असशील तर पत्रा जाड वापरीन.

मुबारकबी विचारते, लग्नाचं काय? मी म्हटलं, आधी डावा की उजवा ते ठरू दे.

तुझाच,
चांद


पुणे,
२ फेब्रुवारी १९७२

प्रिय चांद,

उत्तराला उशीर झाला. संगमनेरहून आलो तो तापानं पडलो. दहा दिवस झोपून होतो, दोन कार्यक्रम बुडाले. आता बरा आहे.

बुटाचं काय विचारतोस? आपण नगरला बोर्डिंगात असताना बँडमास्तर काय म्हणायचे, ते तूही ऐकलंयस. वाद्याला पाय लागला तर आपण वाकून हात लावतो आणि कपाळाला लावतो. इथं तर पायच द्यायचा असतो. मग निदान चामडं घालून तरी देऊ नये. मी अजूनही पडदा उघडायच्या आधी पाचही पेडलांना हात लावतो, मगच पाय ठेवतो. ढोलकीवाला हसतो. हसू दे.

मोठी फळी मात्र पाठवता येणार नाही. मालक आसारामशेठ तिला हात लावू देत नाहीत. तू ट्रान्झिस्टर दुसरीकडे बघ. नाही मिळाला तर एकच पेडल असलेली कर. पण डाव्या पायाला.

गहिनीनाथ


अहमदनगर,
११ फेब्रुवारी १९७२

गहिनी,

एक पेडल म्हणजे काय फळी झाली? त्याला पाट म्हणतात, त्यावर बसून जेव.

तुझं पत्र नेहमीसारखं नव्हतं. ना कुणाची नक्कल, ना कुणाची निंदा. ताप डोक्यात गेला का? संगमनेरला थंडी बेकार असते, त्यात तू स्टेजवर अनवाणी. मुबारकबीनं सुंठ पाठवायला सांगितलीय, पण सुंठ पुण्यातही मिळते म्हणून पाठवत नाही. रागावू नकोस.

मोठी फळी दिल्याशिवाय काम होणार नाही, हे लिहून घे. लाकूड आणलं, जुन्या सागवानी कपाटाचं दार. दोन फूट लांब, एक हात रुंद. काखेत मारून जाशील असं. आसारामशेठला मी सांगू का? ते माझं ऐकतील. मोठ्या फळीचं गिऱ्हाईक तेच.

चांद


पुणे,
२० मार्च १९७२

प्रिय चांद,

मालकांना काही लिहू नकोस. आता आठ दिवस कार्यक्रम नाहीत, तेवढ्यात मोठी फळी टेम्पोनं पाठवतो आहे. ट्रान्झिस्टर काढ आणि लगेच परत पाठव. उघडून बाकी दुरुस्ती करत बसू नकोस, तुला सवय आहे. धुऊनपुसून दिली आहे.

गहिनीनाथ


अहमदनगर,
२७ मार्च १९७२

गहिनी, माझ्या भावा,

फळी आली. तू धुतलीस, पण रबराखालचं लाकूड धुतलं नाहीस.

आवाजाच्या पेडलावरचं सायकलच्या ट्यूबचं रबर झिजून फाटलंय. ते उचकटलं, तर खालून मारलेल्या स्क्रूचं टोक वर आलेलं. अर्ध्या नखाएवढं. मीच मारलेला स्क्रू. इंचाचा हवा होता, घाईत सव्वा इंचाचा मारला आणि वर कानस फिरवायला विसरलो. दोन वर्षं रबरानं झाकलं. आणि त्या टोकाभोवती लाकूड काळं पडलंय. ते काळं कशाचं आहे, हे मला कुणी सांगायला नको.

संगमनेरचा ताप कशाचा होता, ते कळलं. तू तीन तास त्या टोकावर पाय दाबत बसलास. पाय पिकला, ताप भरला, आणि मला चार ओळी लिहिताना एवढंही लिहिलं नाहीस की चांद, तुझ्या स्क्रूनं माझा पाय फाडला. मला वाईट वाटेल म्हणून. डाव्या पायाचं कोडंही आता सुटलं, उजवा दुखत असणार. आणि मी मेंदीची थट्टा करत बसलो. माफ कर.

मला एकाच गोष्टीचं नवल वाटतं, तुला तेव्हा कळलं कसं नाही? टोचलं की माणूस पाय उचलतो. मग माझ्या ध्यानात आलं. तू वाजवायला बसलास की तुला जगाचं भान राहत नाही. बोर्डिंगात तुझ्या पाठीवर मास्तरांनी छडी मारली होती, तरी तू ताल सोडला नव्हतास.

आमच्या दुकानाचा अब्बांपासूनचा रिवाज तुला माहीत आहे. आपल्या हातून चूक झाली तर गिऱ्हाइकानं सांगण्याआधी आपण सांगायची. ती फळी आसारामशेठची. तू लिहू नकोस म्हणालास, तरी त्यांना आजच सविस्तर पत्र टाकलं. चूक माझी, वादकाची नाही, त्याचे बुडालेले दोन कार्यक्रम माझ्या माथ्यावर, असं लिहिलं. आणि हेही लिहिलं, की शेठ, तुमच्या वादकाच्या तळव्यात स्क्रू घुसला आणि त्याला कार्यक्रम संपेपर्यंत पत्ता लागला नाही, इतका तो रंगतो. असा माणूस तुम्हाला सगळ्या महाराष्ट्रात मिळायचा नाही, त्याला जपा.

जादाचा ट्रान्झिस्टर काढून घेतला, टोक कानशीनं सपाट केलंय. फळी परवा निघेल.

तुझा गुन्हेगार,
चांद


श्रीगोंद्याजवळ, घरून
९ एप्रिल १९७२

चांद,

मी गावी आहे. ऑर्केस्ट्रा सुटला.

तुला सगळं लिहितो, एकदाच. मी रंगलो नव्हतो. मला कळलं नाही, कारण माझ्या उजव्या तळव्याला काही कळत नाही. गेल्या दिवाळीपासून. नडगीवर एक चट्टा होता, फिकट, त्यावर घाम येत नव्हता. पुण्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, महारोग. रोज पांढरी गोळी घ्यायची, बरीच वर्षं. रोग थांबतो, दुसऱ्याला लागत नाही, पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. म्हणून डावा पाय. म्हणून खटका ऐकू यायला हवा होता. उजव्यानं दाबला की दाबला गेला का नाही ते मला समजत नव्हतं. मी ढोलकीवाल्याला सांगत होतो, या ताकदीच्या गोळ्या आहेत. गणपतीपर्यंत डाव्या पायाची सवय करून घेतली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. मी तेवढंच मागत होतो.

तुझं पत्र मालकांनी तालमीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. आधी कौतुकानंच वाचलं. "तळव्यात स्क्रू घुसला आणि पत्ता लागला नाही" इथं आले आणि थांबले. त्यांचा एक चुलता याच रोगानं घराबाहेर गोठ्यात मेला, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मला म्हणाले, डोळे मीट आणि पाय पुढं कर. त्यांच्या हातात बिल्ल्याची टाचणी होती. म्हणाले, टोचलं की सांग. मी डोळे मिटून अंदाजानं सांगत राहिलो, आता टोचलं, आता नाही. तीनदा चुकलो. डोळे उघडले तर ते रडत होते. माणूस वाईट नाही. पण म्हणाले, गहिनी, मी तुला ठेवला तर बाकीचे पंधरा उद्या जातील.

माझी गिटार मागून टेम्पोनं आली, गोणपाटात शिवून.

इथं भाऊ कानिफनाथनं गोठ्याशेजारची खोली झाडून दिली. राहीवहिनी पहिल्या दिवशी म्हणाली, "भावजी, तुमचं ताट येगळं ठिवलंय. वाईट वाटून घिऊ नका, पोरं ल्हान हायती." वाईट कशाचं वाटायचं? ती ताट दूर ठेवते, पण भाकरी गरम वाढते.

तुझ्यावर मी रागावलो आहे. ते लपवत नाही. तू सज्जनपणानं माझी मान कापलीस. मला विचारून पत्र टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं?

गहिनीनाथ


अहमदनगर,
२० एप्रिल १९७२

गहिनी,

तुझं पत्र आठ दिवस खिशात आहे. दुकान उघडतो आणि नुसता बसतो. एका गिऱ्हाइकाचा रेडिओ उलटा जोडला.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटता येत नाही. मी स्क्रू मारला, मी पत्र मारलं. स्क्रूनं पाय गेला असता, पत्रानं तू गेलास. मी आसारामशेठना दुसरं पत्र लिहिलं की माझी समजूत चुकली होती, पायाला जाड घट्टे आहेत. उत्तर नाही. खोटं लिहिलेलं ते ओळखणार.

इथं नगरच्या बाहेर माळावर या रोगाचा दवाखाना आहे. तिथले डॉक्टर चांगले आहेत असं दोघातिघांनी सांगितलं. जखम बरी करतात, पायासाठी वेगळ्या वहाणा करून देतात. तू गोठ्याशेजारी राहू नकोस, इथं ये. मी स्टँडवर घ्यायला येतो. दर दोन दिवसांनी भेटायला येईन, डबा आणीन.

लहान फळी मी करतोच आहे. या खेपेला तिच्यात एकही स्क्रू नसेल.

चांद


दवाखाना, नगर
३ मे १९७२

प्रिय चांद,

तुझं ऐकून इथं आलो. स्टँडवर तासभर वाट पाहिली. बहुधा येण्याचा दिवस कळवणारं माझं कार्ड तुला मिळालं नसेल. मग पायीच आलो. डॉक्टर रागावले, या पायानं तीन मैल चालायचं नसतं म्हणाले. मला कुठं दुखत होतं?

जागा वाईट नाही. सकाळी गोळी, चारला मलमपट्टी. पाय रोज डोळ्यांनी तपासायचा असतो, आरशात तळवा बघून. जे आपोआप कळायला हवं ते आता बघून कळतं. गेटवर पुंजाराम म्हणून पहारेकरी आहे, तो इथलाच जुना रोगी, बरा झालेला. त्याच्या हाताला बोटं अर्धीच आहेत, तरी तो विडी वळतो. मला म्हणाला, "पेटी आनलीया व्हय? वाजवा की. आमाला कोन ऐकवतंय?" मी सांगितलं, ही पेटी नाही, आणि ॲम्प्लिफायर नसला तर हिचा आवाज निघत नाही. तो म्हणाला, "मंग काय उपेग?"

डाव्या हाताची करंगळी जरा आत वळायला लागली आहे. डॉक्टर म्हणतात, वितळलेल्या कोमट मेणात बुडवून व्यायाम कर. तार दाबायला अजून तिन्ही बोटं शाबूत आहेत.

राग उतरला. इथं आलो आणि उतरला. ये.

गहिनीनाथ


अहमदनगर,
२० मे १९७२

दोस्त गहिनी,

कार्ड मिळालं होतं, पण एक दिवस उशिरा. नंतर लग्नसराई लागली, लाऊडस्पीकरची कामं आली. मग मुबारकबीची तब्येत बरी नव्हती. पुढच्या आठवड्यात नक्की येतो.

फळी अर्धी झाली. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे, वरून हाताच्या तळव्यानं घासून पाहतो, कुठं कुसळ लागत नाही. कडा चारी बाजूंनी गोल केल्या. जुन्या रेडिओतला ॲम्प्लिफायर आत बसवतोय, छोटासा स्पीकरही. म्हणजे गिटार जोडली की तिथंच वाजेल. खटके ट्रकचेच, दाबले की दहा फुटांवर ऐकू येतात. एक डाव्या पायाला. एक मी हातानं दाबता येईल असाही केलाय, कोपऱ्यात.

खूप दिवसांनी कामात मन लागलं.

चांद


दवाखाना, नगर
१८ जून १९७२

प्रिय चांद,

मृग कोरडाच चालला आहे. इथल्या विहिरीला तळ दिसतो आहे आणि मलमपट्टीचं पाणी मोजून मिळतं.

तुझी मेमधली तीन पत्रं आणि जूनमधली दोन माझ्या उशाशी आहेत. प्रत्येकात पुढचा आठवडा आहे. मी रोज संध्याकाळी गिटारचा दांडा खाटेच्या लोखंडाला टेकवून वाजवतो, मग थोडा आवाज येतो. शेजारचे रोगी आपले कान खाटेला लावतात. पाच-सहा माणसं एका खाटेला कान लावून बसलेली बघितलीस, तर तुला हसू येईल.

एक विचारायचं आहे. माळीवाड्यातल्या तुझ्या दुकानापासून हे गेट सायकलनं अर्ध्या तासावर आहे. पोस्टानं पत्र यायला दोन दिवस लागतात. मी पुण्यात होतो तेव्हा लिहीत होतो ते ठीक. आता आपण पत्रं का लिहितो आहोत, चांद?

गहिनीनाथ


अहमदनगर,
३ जुलै १९७२

गहिनी,

तू विचारलंस, तेव्हा खरं लिहितो. बोललो असतो तर तोंडातून निघालं नसतं.

कार्ड वेळेवर मिळालं होतं. मी त्या दिवशी स्टँडवर आलो होतो. तू खांबाशी गिटार घेऊन उभा होतास, पायाला फडकं बांधलेलं. मी रसवंतीच्या मागं उभा राहिलो. तू निघालास तेव्हा तुझ्या मागून थोडं चाललोही, आणि मग दुकानात आलो.

मुबारकबी म्हणते, "नक्को जाव जी, घर में बच्चे हैं." पण तिच्यावर ढकलत नाही, तिनं अडवलं नसतं तरी मी अडलोच असतो. तुझं पत्र आलं की मी ते चिमट्यानं धरून वाचतो, ज्यानं ट्रान्झिस्टर धरतो त्याच. मग साबणानं हात धुतो. डॉक्टर म्हणतात लागत नाही, तूही लिहिलंस लागत नाही. मला पटतं. हात तरीही धुतो. ज्या माणसाच्या ताटात बोर्डिंगात आठ वर्षं जेवलो, त्याच्या अक्षराला मी भितो. मला माझी शरम वाटते, गहिनी. फळीवर इतकं मन लावलं ते प्रेमानं, का तिथं यायचं टळावं म्हणून, ते माझं मलाच सांगता येत नाही.

पण फळी झाली आहे. आता पुढचा आठवडा नाही. शुक्रवारी, ७ तारखेला, जुम्म्याची नमाज झाली की निघतो. फळी मी स्वतः तुझ्या हातात देणार आणि तू वाजवशील ते समोर बसून ऐकणार. अल्लाची शपथ.

चांद


दवाखाना, नगर
९ जुलै १९७२

प्रिय चांद,

फळी मिळाली. फार सुंदर झाली आहे. मी तिच्यावरून दोन्ही हात फिरवले, मग गाल टेकवला, कारण गालाला अजून सगळं कळतं. कुठंही काही टोचलं नाही. रात्री जेवणानंतर वाजवली. आवाज गोड आहे, थोडा घशात अडकतो, पण ते रेडिओच्या स्पीकरमुळं असेल. डावा पाय अजून चुकतो. सगळे ऐकायला आले होते. पुंजाराम म्हणाला, "लई ग्वाड वाजतंय. पर वाईच खालच्या आवाजात रडतंय."

शुक्रवारी मी पडवीत होतो. माळावरून तुझी सायकल लांबून ओळखली, तू अजून डावा पाय बाहेर टाकून पेडल मारतोस. अंगात नमाजचा पांढरा कुर्ता होता. गेटाशी उतरलास, कॅरियरची दोरी सोडलीस. पुंजारामनं घ्यायला हात पुढं केले. तू त्याचे हात पाहिलेस आणि फळी जमिनीवर ठेवलीस. मग दोन पावलं मागं सरून त्याला उचलायला सांगितलंस. तो उचलून पडवीकडे बोट दाखवत होता, जेवढं आहे तेवढं बोट. तू मान वर केलीस. मी दिसलो की नाही, मला माहीत नाही.

तू थोडा वेळ उभा राहिलास. सायकलचं हँडल एकदा इकडं वळवलंस, एकदा तिकडं, आणि मग टांग टाकून परत निघालास. मी हाक मारू शकलो असतो, आवाज पोचण्याएवढंच अंतर होतं. मारली असती तर तुला थांबावं लागलं असतं, म्हणून मारली नाही.

मी तुला दोष देत नाही. मी तुझ्या जागी असतो तर आलो असतो का, हे मी दोन दिवस स्वतःला विचारतो आहे. मुबारकभाभींना सांग, मुलांची काळजी त्यांनी केली ते बरोबरच केलं.

एवढंच कर, आता पत्र लिहू नकोस. यायचं तर ये, नाही तर राहू दे. तुझं पत्र आलं की मला वाटत राहतं, तू येणार आहेस.

तुझा,
गहिनीनाथ